पाटीवरच्या दोनशे चाळीस सासूबाई

स्टेशनच्या मोठ्या दारातून आत शिरलेला माणूस आधी वर बघतो. गाडी वेळेवर आहे का आणि कुठल्या फलाटाला लागणार, ते तिथल्या लांबरुंद काळ्या पाटीवर नारिंगी दिव्यांनी लिहिलेलं असतं. अक्षरवालीनंही सवयीनं वर बघितलं, आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली सुटून फरशीवर आपटली.

पाटीवर एकही अक्षर नव्हतं. गावांची नावं, वेळा, फलाटांचे आकडे, सगळं गायब. पाटीच्या दहा ओळी, एकेका ओळीत चोवीस घरं, आणि घराघरात तिच्या सासूबाई.

दोनशे चाळीस सासूबाई! प्रत्येकीच्या डोक्यावर घट्ट अंबाडा, डोळ्यांवर जाड चौकोनी चष्मा आणि खाली हे एवढं उघडलेलं तोंड. सगळ्या एका दमात अख्ख्या स्टेशनवर ओरडत होत्या, आणि आवाज मात्र काडीचा नव्हता.

"परमेश्वरा," ती पुटपुटली. हे कुणी केलं, असं विचारायची सोय नव्हती. हे तिचंच काम होतं. आणि खऱ्या सासूबाई, हाडामांसाच्या, अजून वीस मिनिटांनी चार नंबरच्या फलाटावर उतरणार होत्या. त्यांनाच घ्यायला तर ती आली होती.

आता ही अक्षरवाली म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. अक्षरं करणं हा तिचा धंदा. कुणी शिंपी असतो, कुणी सुतार, तशी ही अक्षरांची कारागीर, म्हणून गल्लीत सगळे तिला अक्षरवालीच म्हणायचे. तिनं केलेल्या अक्षरांमध्ये सगळ्यात गाजलं ते 'ठोकळा' नावाचं वळण. जुन्या व्हिडिओ गेममधली अक्षरं आठवतात ना, बारीक बारीक चौकोन एकाला एक लावून केलेली? तीच जात, पण चांगली धष्टपुष्ट. आडवी सोळा घरं, उभी सोळा घरं, एवढ्याच अंगणात प्रत्येक अक्षर बसवायचं. घर एकतर भरायचं नाहीतर मोकळं सोडायचं, अर्धं भरायची मुभा नाही. गोलाई हवी असेल तर पायऱ्या पायऱ्यांनी चढत जायचं. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात त्या पायऱ्यांचाच गोल होतो. हे कसं होतं, त्याचं अक्षरवालीला इतक्या वर्षांनीही नवल वाटायचं. घरं आपण भरायची आणि वळण देवानं द्यायचं, असं ती म्हणायची.

ठोकळ्याची हौस लोकांना भारी. गेमच्या दुकानांच्या पाट्यांवर ठोकळा, गाण्यांच्या जलशांच्या पोस्टरांवर ठोकळा, तरुण पोरांच्या टीशर्टांवर ठोकळा. पुस्तकाच्या पानात मात्र तो चालायचा नाही. तिथे त्याची कुजबूज व्हायची आणि डोळे दुखायचे. भिंतीएवढा झाला की मग खरा खुलायचा. म्हणूनच स्टेशनच्या पाटीसाठी तो घेतला होता. पाटीवर मुळात सोळा बाय सोळा दिव्यांचीच घरं होती. अंगात बेतलेला सदरा बसावा तसा ठोकळा तिथे बसला.

पण या कामात एक रीत आहे, आणि सगळा घोळ त्या रीतीतून झाला. अक्षरांच्या यादीत पहिलं घर असतं ते कुठल्याच अक्षराचं नसतं. यंत्रानं एखादं अक्षर मागितलं आणि ते सापडलंच नाही, तर रिकामी जागा दिसू नये म्हणून या पहिल्या घरातलं चित्र पुढे करायचं. बहुतेक कारागीर तिथे साधा चौकोन काढतात. काहीजण गंमत म्हणून आपली खूण ठेवतात. कुणी मांजर काढतं, कुणी फूल. गिऱ्हाइकाला ते घर सहसा दिसतच नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त असतात.

सात वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम सहा महिने झाले असताना, अक्षरवालीनं तिथे सासूबाईंना बसवलं.

निमित्तही तसंच घडलं होतं. घरात पाहुणे आले होते. सासूबाईंनी तीस वर्षं शिलाई मशीन चालवून दोन मुलं वाढवलेली, अंगात कामाचा ताठा. कुणीतरी सहज विचारलं, सून काय करते? त्यावर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमची सून होय? दिवसभर बसून चौकटी रंगवते. शाळेतल्या पोरी फावल्या वेळात करतात ते हिचं काम. लोक पैसेही देतात म्हणे!" पाहुणे खो खो हसले. नणंद हसली. नवऱ्यानंसुद्धा हसून घेतलं, त्या नालायकानं.

अक्षरवाली आत गेली, आपल्या कॉम्प्युटरच्या मशीनपुढे बसली आणि तासाभरात चौकटी रंगवून दाखवल्या. अंबाडा, चष्मा, उघडं तोंड. काय हुबेहूब उतरल्या सासूबाई! ती एकटीच पोट धरून हसली, मग एकटीच रडली. उद्या हे पुसून साधा चौकोन ठेवू, असं तिनं ठरवलंही होतं. माणसानं रागाच्या भरात केलेलं कुठे जाऊन पडतं ते त्याचं त्याला कळत नाही. वरच्याला सगळं दिसत असतं. कधी कधी तो ते काढून मोठ्या पाटीवर लावतो, इतकंच.

ते पुसायचं राहून गेलं. आणि मग काळच फिरला. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून अक्षरवालीचं उजवं मनगट मोडलं. दोन महिने हात गळ्यात. स्टेशनवाल्यांना आकडे आणखी ठसठशीत करून हवे होते, मुदत जवळ आलेली, आणि ही बसली होती डाव्या हातानं घास घेत. तेव्हा सासूबाईंनी तिची वेणी घातली, तिला न्हाऊ घातलं, आणि एका सकाळी चष्मा पुसत तिच्या मशीनसमोर येऊन बसल्या.

"कितवं घर भरू, सांग."

"आई, राहू दे, तुम्हाला नाही जमायचं."

"कापडावर घरं मोजून टाके घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तुझ्या या पेटीत काय वेगळं असतं? सांग, कितवं?"

"आडवं तिसरं. उभं सातवं."

असं करत शून्यापासून नवापर्यंत सगळे आकडे सासूबाईंच्या हातानं भरले गेले. ते पहिलं घर पुसावं असं अक्षरवालीच्या मनात रोज यायचं. पण शेजारी सासूबाई बसलेल्या, त्यांच्यासमोर ते उघडणार कसं? मनगट बरं झाल्यावर नवी कामं लागली, आणि सोन्यासारखी दोन माणसं एका घरात नांदू लागल्यावर जुना काटा कुणाला आठवतोय? 'आई' ही हाक आता तिच्या तोंडून नुसती रिवाजाची निघत नव्हती. स्वतःची आई लहानपणीच गेलेली. देवानं उशिरानं का होईना, दुसरी दिली, असंच तिला वाटायचं.

आणि आता ही दुसरी आई दोनशे चाळीस घरांत तोंड उघडून उभी!

पाटीखाली ही गर्दी जमली होती. एक हमाल डोक्यावरची ट्रंक सावरत दुसऱ्याला म्हणाला, "माझ्या बायकोची मावशी आहे रे ही. शप्पथ सांगतो!"

"तुझ्या बायकोची असेल नाहीतर माझ्या. माझी गाडी कुठाय ते सांग," मागून कुणीतरी खेकसलं.

"त्या बाई तेच तर ओरडून सांगतायत, तुम्हाला ऐकू येत नाही त्याला त्यांनी काय करायचं?"

हशा पिकला. लोक हात उंच करून फोनमध्ये फोटो काढत होते. एक बाई कडेवरच्या पोराला सांगत होती, "बघ, जेवला नाहीस तर ही काकू येणार."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्टेशनच्या पाटीचं काम बघणारा माणूस, ज्याला सगळे पाटीवाला म्हणायचे, तो होता. आवाज रडवेला.

"ताई, काल संध्याकाळी आम्ही पाटीचं यंत्र बदललं हो. नवं यंत्र अक्षरांना वेगळ्याच क्रमांकांनी हाक मारतंय, त्याला तुमचं एकही अक्षर सापडत नाहीये. आणि ही कोण बाई आलीय पाटीवर?"

"ते... पहिलं घर आहे. काही सापडलं नाही की ते दिसतं."

"ते समजलं. पण बाई कोण?"

"कुणी नाही," अक्षरवाली म्हणाली. तोंडातून निघालं तसं तिला स्वतःचाच धक्का बसला. कुणी नाही!

"बरं, यंत्राचं आम्ही बघतो, तासाभरात गाड्या दिसायला लागतील," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

भोंग्यावर कुणीतरी गाड्यांची नावं ओरडून सांगायला लागलं. चार नंबरवर गाडी लागली. अक्षरवाली पळत फलाटावर गेली. तिच्या डोक्यात एकच विचार होता, आईंना मागच्या जिन्यानं बाहेर काढायचं, पाटीखालून न्यायचंच नाही.

सासूबाई उतरल्या त्या हसतच. महिनाभर लेकीकडे राहून त्यांनी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले होते. चष्मा गेला होता. इतक्या वर्षांनी उघडा पडलेला चेहरा लहान आणि नवाच वाटत होता.

"अगं, किती वाळलीस! माझ्या लेकानं उपाशी ठेवली का काय महिनाभर? आणि तुझ्या नाकावर तीळ आहे होय? सात वर्षांत कधी दिसला नव्हता मला!"

"आई, इकडून चला. मागच्या जिन्यानं रिक्षा लगेच मिळते."

"मागच्या बिगच्या नाही. मला आधी पाटी बघायची आहे. गाडीत शेजारच्या बाईला मी सांगत आलेय, स्टेशनवरचे आकडे मी भरलेत म्हणून. तिला पटेना. आता या नव्या डोळ्यांनी माझे आकडे बघते की नाही ते बघच."

"आज पाटी बिघडलीय, आई."

"मग बिघडलेली बघते."

त्या पुढे चालू लागल्या. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलेलं, तेव्हा पिशवी अक्षरवालीच्या हातात. त्यामुळे तिला धड त्यांचा हातही धरता येईना. मोठ्या दालनात येऊन सासूबाई थबकल्या. मान वर केली. अक्षरवालीनं डोळे मिटून घेतले.

आणि तिच्या कानावर हसणं आलं. खळखळून, पोटातून आलेलं.

"अगंबाई! ही कोण गं?" सासूबाईंना हसू आवरेना. "दात उपटायला बसलीय का कुणाकडे? माझे आकडे कुठे गेले आणि ही कुठून आली? अंबाडा बघ, केवढा तो! वरवंटा ठेवलाय जसा डोक्यावर!"

अक्षरवालीनं डोळे उघडले. सासूबाई खरंच ओळखत नव्हत्या. सात वर्षांपूर्वीची ती बाई आता आरशात उरलीच नव्हती. केस विरळ होऊन अंबाडा सुपारीएवढा झालेला, चष्मा गेलेला, आणि तोंड तर काय, आपलं ओरडतानाचं तोंड माणसाला कधी दिसतं?

सुटले, असं तिच्या मनात आलं. आणि लगोलग वाटलं, आपण किती नीच आहोत.

रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी लेकीकडची सगळी हकिगत सांगितली, जावई घोरतो कसा इथपासून ते डॉक्टरच्या हाताला कसला वास यायचा इथपर्यंत. अक्षरवाली हूं हूं करत होती. मनात म्हणत होती, यंत्र नीट होईल, घर पुसून टाकू, कुणाला काही कळणार नाही. देवा, एवढं तारून ने.

घरी येऊन पिशवी ठेवते न ठेवते तोच पाटीवाल्याचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात नुसता आनंद.

"ताई, गाड्या दिसायला लागल्या. पण एक मोठी गोष्ट सांगायचीय. आमच्या साहेबांना तुमची बाई फार आवडलीय! सकाळपासून लोकांनी फोटो काढून गावभर पाठवलेत. साहेब म्हणतात, हिला स्टेशनची काकू करू. गाडीला उशीर झाला की ही पाटीवर येणार. पाण्याच्या बाटल्यांवर, तिकिटांच्या मागे, टीशर्टांवर, सगळीकडे छापू. भिंतीवर मोठी रंगवायची तर पेंटरसुद्धा बोलावून ठेवलाय. तुम्ही फक्त हो म्हणा. तासाभरात कळवा, साहेब जेवायला जायच्या आत."

फोनमधला आवाज इतका खणखणीत होता की पलंगावर बसलेल्या सासूबाईंना शब्द अन् शब्द ऐकू गेला.

"अगं मग हो म्हण की!" फोन बंद होताच त्या म्हणाल्या. "अशी संधी कुठे चालून येते? भिंतीवर रंगवतायत तुझं काम. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीन, माझ्या सुनेनं काढलंय म्हणून. शाळेतल्या पोरींचं काम म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील."

शाळेतल्या पोरींचं काम! म्हणजे त्यांना ते आठवत होतं.

"नाही म्हणणार आहे मी."

"का गं? तोंड फार उघडं आहे म्हणून? असू दे. लोकांना तेच आवडलंय."

आताही गप्प बसता आलं असतं. काहीतरी कारण सांगून पाटीवाल्याला वाटेला लावता आलं असतं. पण समोर ही बाई बसलेली, नव्या डोळ्यांनी तिच्या नाकावरचा तीळ बघणारी, तिच्या कामाचा झेंडा मिरवायला निघालेली.

"आई, त्या तुम्ही आहात."

"कोण?"

"पाटीवर. ती बाई. ते तुम्ही आहात. मी काढलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी, रागानं काढलंय."

सासूबाई पिशवीतून कपडे काढत होत्या. त्यांचा हात पिशवीतच राहिला.

"चौकटी रंगवते म्हणाले होते, त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आज सकाळी सगळं स्टेशन मला हसत होतं."

सासूबाईंनी रिकामा हात पिशवीतून बाहेर काढला.

"मीसुद्धा हसले," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्याकडे बघून मीच हसले गं."

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्षरवाली त्यांच्या पायाशी खाली बसली. माफी मागायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात वर केला.

"दाखव मला. मोठं करून."

आतल्या खोलीत मशीनच्या पडद्यावर अक्षरवालीनं ते पहिलं घर उघडलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. सासूबाई खुर्चीत बसून बघत राहिल्या. शिंप्याच्या डोळ्यांनी बघत होत्या, एकेक घर.

"चष्मा बरोबर आहे. अंबाडाही. हे तोंड किती घरांचं?"

"सहा आडवी, पाच उभी."

"तीस." त्यांनी मान हलवली. "मला कागद दे. घरं आखलेला. आणि पेन्सिल."

अक्षरवालीनं वही दिली. आपल्याला काय शिक्षा होणार ते तिला कळेना. सासूबाईंनी सोळा बाय सोळाची कड आखली, मध्यभागी एक बारीक खूण केली, आणि भरतकामाला बसावं तशी घरं भरायला लागल्या. घाई नाही. मधेच खोडायच्या, फुंकर मारायच्या, पुन्हा भरायच्या. अक्षरवाली शेजारी उभी होती. आधी तिला ते खुर्चीसारखं वाटलं. मग खुर्चीच्या पाठीवर एक लांब वेणी उतरली. वेणीच्या वर डोकं, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड ठोकळे.

"झालं," म्हणून त्यांनी पेन्सिल ठेवली.

"ही कोण?" अक्षरवालीनं विचारलं, पण विचारतानाच तिला कळलं होतं. एवढी लांब वेणी तिची तेव्हाच होती, नंतर तिनं केस निम्मे कापले. "आई, चेहरा कुठाय?"

"तो मला कधी दिसला?"

सासूबाईंनी चित्रातल्या पाठीवर बोट ठेवलं.

"लग्नानंतर सहा महिने मी हेच बघत होते," सासूबाई म्हणाल्या. "तुझं टेबल भिंतीला लावलेलं, तुझी पाठ दाराकडे. आणि कानांवर ती काळी टोपणं."

"हेडफोन. काम करताना गाणी..."

"मला काय ठाऊक गाणी आहेत का काय आहेत! मी आपली दारातून हाक मारायचे जेवायला. आधी नुसतं 'अगं'. मग 'सूनबाई'. तू ढिम्म. मला वाटायचं, मुद्दाम करते. शिकलेली आहे, आपल्याला मोजत नाही. मग दोन पावलं आत येऊन जीव खाऊन ओरडायचे. तिसऱ्या हाकेला तोंड तीस घरांचं होणारच की बाई! आणि नेमकी तेव्हाच तू वळून बघायचीस."

अक्षरवाली पडद्याकडे बघत राहिली. ते उघडं तोंड. तिनं सात वर्षं ते शिव्या देणारं तोंड समजून सांभाळलं होतं. आवाज कधी ऐकलाच नव्हता तिनं. कानांवर ठोकळे, मागे वळली की समोर हे एवढं तोंड, रोज. त्या तोंडात काय शब्द होता ते आज कळत होतं. जेवायला चल. एवढाच.

तिनं वही आपल्याकडे ओढून घेतली.

"पाहुण्यांपुढे बोलले ते मात्र बोललेच," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तेव्हा तुझ्या कानांवर काही नव्हतं. सहा महिन्यांचं साठलं होतं ते तिथे ओतलं. ते चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"आई, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"रागावलेय तर! सात वर्षं मला त्या कोपऱ्यात तोंड वासून उभी ठेवलीस. एक दिवस तरी रागवू दे की मला. लगेच समजूत काढायला येऊ नकोस."

"बरं."

"आणि त्या माणसाला फोन कर. त्याचा साहेब जेवायचा थांबलाय."

अक्षरवालीनं फोन लावला. ती बाई मिळणार नाही, म्हणून सांगितलं. पाटीवाला कळवळला, "अहो ताई, पण का? पेंटर आलाय!" त्यावर ती म्हणाली, "त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांना मी विचारलं नव्हतं." मग पाटीवाला हळूच म्हणाला, "आणि सकाळी मी लांबून बघितलं, चार नंबरवरून तुमच्यासोबत येत होत्या, त्याच का? अरे देवा!" तिनं पहिल्या घरातली सगळी घरं पुसली, कडेकडेनं एक साधा चौकोन भरला, आणि नवा ठोकळा त्याला पाठवून दिला. गावभर गेलेले फोटो काही परत आणता येणार नव्हते. ते आता राहणार, लोक हसणार. हे दोघींनाही कळत होतं.

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचे आवाज आले, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

अक्षरवालीनं वहीतल्या त्या पाठमोऱ्या बाईकडे पुन्हा एकदा बघितलं. मग तिनं मशीनच्या तारा एकेक करून उपटल्या, पडदा पलंगावर आडवा ठेवला आणि टेबलाला खांदा लावला. लग्नातलं जुनं लाकडी टेबल, शिशासारखं जड. फरशीवर करकरलं.

"काय चाललंय काय?" सासूबाई दारात आल्या.

"टेबल फिरवतेय. दाराकडे तोंड करून."

"ओढू नकोस, फरशीला ओरखडे पडतील! पायाखाली फडकं घाल. असं नाही, मागच्या पायाखाली. मला वजन उचलायचं नाही म्हणून, नाहीतर मीच... अगं, उजवीकडे! उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे!"

अर्ध्या तासानं टेबल फिरलं. भिंतीवर सात वर्षांचा चौकोनी पांढरा डाग उघडा पडला, कोपऱ्यातून तीन पेन्सिली आणि एक हरवलेलं कानातलं निघालं. अक्षरवाली घामानं भिजून खुर्चीत बसली. समोर दार, आणि दारात सासूबाई, कपाळाला आठ्या, राग अजून पुरता गेलेला नाही.

"दिसतेय का आता?" त्यांनी विचारलं.

"दिसताय, आई."

"मग जेवायला चल. आज एकदाच सांगणार आहे."